वाक्याच्या सुरुवातीला

पाचघरे सरांचे इंग्रजीचे नियम
फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात राहायचे,
तिथवर डस्टर कधी जात नसे.
अँडने, बटने वाक्य सुरू करायचं नाही.
टू अन् क्रियापद म्हणजे बैलजोडी,
मधात कोणी शिरायचं नाही.
आणि शेवटी प्रिपोझिशन सोडलं
म्हणजे गोठ्याचं फाटक उघडं टाकलं.

आम्ही माना डोलवायचो.
आमच्या गावात बोलणंच अन् पासून सुरू होतं,
"अन् काय वं, झाल्या का भाकरी?"
आमचं खाली, मागं, बरोबर
वासरासारखं नामाच्या शेपटीला लागून चालतं.
पण इंग्रजी म्हणजे कचेरीची भाषा,
तिथं फाटक लावावंच लागत असेल.

सातवीत 'माय मदर' लिहिताना मी लिहिलं:
बाबांनी म्हैस विकली.
बट आई हसली.
सरांनी बट खोडला, लाल पेनानं, दोनदा.
उरली नुसती हसलेली आई,
म्हैस दारातून जाताच हसणारी,
जशी काही तिलाच नकोशी झाली होती.
दहापैकी सहा.
ती वही मी आईला दाखवली नाही.

अमरावतीला कॉलेजच्या लायब्ररीत
विटेएवढ्या जाड व्याकरणात वाचलं,
असा नियम नाही. नव्हताच कधी.
चांगले चांगले लोक अँडने सुरुवात करतात,
जोडीच्या मधात शिरतात,
फाटक उघडं टाकून खुशाल झोपतात.
दोन रुपयांत पानाची झेरॉक्स काढली.

मे महिना. सर ओसरीत, वाळ्याच्या ताटीआड.
"सर, तो नियम खोटा होता."
असं म्हणायचं नव्हतं मला, तसंच निघालं.
भिंग धरून त्यांनी पान वाचलं,
उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.
"आमाले ट्रेनिंगात साहेबानं सांगतलं,
साहेबाले कोनं सांगतलं, कोनाले मालूम."
कूलरचं पाणी ठिबकत राहिलं.
"तुले तं सहा भेटले, मोहोडाच्या पोरी.
वाघाड्याच्या दिगांबरनं पूर लिहिला होता नववीत.
अँड पानी आलं. अँड बकरी गेली.
अँड आजीनं दार नाही सोडलं.
म्या सारे अँड कापले.
दोन मार्कानं गेलं पोट्टं.
बापानं शाळा सोडवली त्याची."

मला काही सुचेना.
अंबाडीच्या शरबताचा पेला मी नुसता फिरवत बसले.

सरांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला,
सायकल काढली.
"फाट्यावर पंक्चरचं दुकान हाये त्याचं.
हवा भरतो तं पैसे घेत नाही माह्याकडून.
म्हनते, सरजी, तुमी शिकोलं."

मी दोन्ही चाकं दाबून पाहिली.
हवा गच्च होती.
पण सर निघाले फाट्याकडे,
भर उन्हात, हातानं सायकल ढकलत,
खिशात झेरॉक्सची घडी.