खांडा

आमच्या दप्तरखान्यात व्हारेनच्या बेचाळीस पेन्सिली आहेत,
बोटाच्या पेराएवढ्या, थोटक्या.
अकरा जाडजूड कादंबऱ्या, सहा लढाया, एका राणीचा शिरच्छेद
सगळं यांच्यातून उतरलं.
शाळेत आम्हाला ती राणी पाठ होती.

भिंगाखाली धरलं की दिसतं,
तासलेल्या प्रत्येक उतारावर
एक रेघ उठून आलेली,
केसाएवढी.
म्हणजे त्याच्या चाकूच्या धारेला खांडा होता
आणि तो त्याने कधी घासून घेतला नाही.
बहिणीला एका पत्रात लिहिलंय,
"चाकू तीएरचा, मूठ शिंगाची,
आणि माझ्यासारखाच एक दात पडका."

संग्रहालयातल्या चाकूची मूठ हस्तिदंती.
भाचीच्या नातवाकडे आहे तो चांदीचा, आद्याक्षरांचा,
त्याने आयुष्यात लोणीसुद्धा कापलं नसेल.
तिसरा विकायला होता. विकणाऱ्याने खांडाही दाखवला,
ताजा, कानशीने पाडलेला.
मग मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर, शाई फिकी,
"खिशातला चाकू स्वयंपाकीणबाई युर्सुल दोझोल्म हिला,
तिला तो आवडायचा."

म्हणून तीएर.
उतारावर चढत गेलेलं गाव, खाली दुरोल नदी,
तिच्या काठी बंद पडलेली चाकं.
युर्सुलचा पणतू फिर्मँ दाराशीच उभा होता.
त्याचा आजा सहाणेवर पालथा पडून पाती घासायचा,
नाक पाण्याशी,
आणि थंडीत पोटऱ्यांवर कुत्रं बसवायचा, उबेला.
कुत्र्याचं नाव त्याला ठाऊक होतं.
व्हारेनची एकही कादंबरी त्याने वाचलेली नव्हती.

चाकू टेबलावर. शिंगाची मूठ,
अंगठ्याखाली झिजून खोलगट झालेली.
पातं इतकं अरुंद, की चाकूपेक्षा आठवण जास्त.
मी भिंग काढलं.
धार सरळ होती. नव्या रुपयासारखी लखलखीत.

"तुमचं पत्र आलं ना," तो म्हणाला,
"म्हटलं शहरातून बाई येणार, बोथट चाकू कसा दाखवायचा?
काल रात्री बसलो.
एक खांडा होता, लहानपणापासून बघत होतो.
नाशपातीचं साल नेहमी तिथंच तुटायचं.
काढला एकदाचा."

मी काय बोलणार.
खिडकीतून नदीचा आवाज येत राहिला.
त्याने नाशपाती सोलली, एका दमात,
साल न तोडता,
आणि ते लांबलचक साल माझ्यासमोर धरून
लहान मुलासारखा वाट बघत राहिला.

"छान," मी म्हटलं.
मग पिशवीतली माझी पेन्सिल त्याच्यापुढे केली.
पाच-सहा हातांत तासून झाली.
उतार गुळगुळीत, ओला,
नाशपातीचा वास येणारा.

नोंदवहीत एक रकाना आहे: सापडला, नाही.
तो भरायचा राहिलाय.
टोक तर आहे.