सातशे बारा काठ्या

बाबा गेले त्या दिवशी रस्ता मोकळा होता.
मुद्दाम सांगते, कारण त्यांनी पहिलं तेच विचारलं असतं.

एकतीस हिवाळे त्यांनी या घाटात बर्फ लोटला,
नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला,
जिथं झाड औषधालाही नाही
आणि नोव्हेंबरात गेलेला सूर्य
जानेवारी सरता सरता डोंगराआडून डोकावतो,
उधारी बुडवलेल्या माणसासारखा.

दर सप्टेंबरात रस्त्याच्या कडांना काठ्या रोवायच्या.
बांबूच्या, शेंड्याला लाल चकाकती पट्टी.
सातशे बारा.
रस्ता बुडाला की या काठीवरून त्या काठीवर
नजर टाकत जायचं, बस.
एवढा बांबू कुठून येतो, मी विचारलं होतं.
"उन्हातनं," म्हणाले. "पण कुरकुर करत नाही."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची.
चाकांना साखळ्या आवळणारे हात
माझी वेणी घालायचे,
इतकी घट्ट की दिवसभर भुवया वर.
बाईंना वाटायचं,
या पोरीला सगळ्याचंच आश्चर्य वाटतं.

शाळेच्या नाटकाला आले नाहीत.
दोन नाताळांना आले नाहीत.
त्यांच्या ताटावर झाकण ठेवून मी झोपायचे.
पहाटे नांगराचा पिवळा दिवा
माझ्या छतावरून फिरायचा,
एकदा, दोनदा, कधी तीनदा.
आमच्या गल्लीत एवढा बर्फ कधीच नसायचा.
राग अजून आहे थोडा, बाबा. असू दे.

मग ईसाक, माझा मुलगा.
त्याचा शब्द उंबरठ्यावरच अडायचा.
शाळेत पोरं त्याची वाक्यं पुरी करून टाकत.
घाईत असले की मीसुद्धा.
आजोबा त्याला केबिनमध्ये बसवत,
थर्मास मांडीवर, वायरलेस हातात.
घाटाच्या फाटकाशी अकरा गाड्या खोळंबलेल्या,
मासळीचे दोन ट्रक, एक अख्खं वऱ्हाड,
आणि सगळ्यांच्या शेवटी याल्मारची गाडी.
त्याला कळवायचं आणि मग हलायचं.
"नि... नि..."
वारा काचेवर थडाथडा.
मागून कुणीतरी भोंगा वाजवला.
आजोबांनी कपात कॉफी ओतली, फुंकर घातली.
"नि... निघतोय."
"ऐकलं," तिकडून याल्मार.
तेव्हा कुठं गिअर पडला.

घरी आल्यावर मी ओरडले, लोक ताटकळले ना!
"वाऱ्यासाठी रोज ताटकळतात," म्हणाले,
आणि बूट काढायला खाली वाकले.

फेब्रुवारीत त्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यातून
इकडे चर्चमध्ये आणलं.
पुढे त्यांचाच नांगर, पातं उचललेलं,
आभाळ लख्ख, लोटायला चिमूटभरही नाही.
गाडीमागं गाडी, अंतर राखून,
त्यांनी गावाला शिकवलं होतं तसं.
मी शेवटी, याल्मारशेजारी.
नांगरावर आता सिग्रून असते.
तिनं ईसाकला वर घेतलं होतं,
चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला.
वायरलेस खरखरला.
"नि..."
मग नुसती खरखर.
कुणी भोंगा वाजवला नाही.
शब्द माझ्या जिभेवर तयार होता,
मी तो दातांखाली धरून ठेवला.
याल्मारच्या मफलरीला डिझेलचा वास होता,
बाबांच्या होता तोच.
"...निघतोय."
याल्मारला काही बोलता येईना.
त्याच्या हातातून वायरलेस घेऊन
मी म्हटलं, ऐकलं.

सप्टेंबरात आम्ही काठ्या रोवायला गेलो,
ईसाक, सिग्रून, मी.
सातशे अकराच भरल्या. दोनदा मोजल्या.
सिग्रून म्हणाली, खात्याच्या वहीत
दरसाल एक कमीच असते.

ती आमच्या दारात आहे,
पत्रपेटीच्या डाव्या बाजूला,
जिथं ईसाक लहानपणी बर्फात गुहा खणून बसायचा.
पट्टीचा लाल रंग उडालाय.
परत द्यायला हवी.