पॅड

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या काळ्या भिंतीला टेकून
बाबाजान देसनूरचं गॅरेज.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
'व्हील अलाइनमेंट' दोन्हींत चुकलेलं.

मी गेले होते वायपरचं रबर बदलायला.
तेवढंच. दहा मिनिटांचं काम.
दुपारी चोर्ला उतरून साखळी गाठायची होती,
मावसबहिणीच्या नातवाचं बारसं,
डिकीत कुंद्याचे चार डबे.

गाडी आत घेता घेता तो थांबला.
मागं घेतली. परत पुढं.
"मॅडम, हे कधीपासून ओरडालंय?"
असेल आठ-पंधरा दिवस, म्हटलं, धूळ बसली असेल.
(खरं तर आषाढापासून.
रेडिओ जरा मोठा केला की
ऐकू येत नव्हतं.)

जॅक लागला, चाक निघालं.
पॅड त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं:
कोमट, काळं,
एका कडेला मसाला नखाएवढा,
दुसऱ्या कडेला नुसता पत्रा.
"ह्याला ही बारकी जीभ असती बघा.
पॅड संपत आलं की डिस्कला घासती, ओरडती.
मुद्दाम बसवलेली असती ती.
माणसाला ऐकू जावं म्हणून."

मग ब्रेक ऑइलच्या डबीवर बॅटरी मारली.
"ह्याचा तर चहा झालाय. साकु आता.
घाटात सारखा पाय ठेवला की हे उकळतंय.
मग पेडल जातंय खाली,
आणि गाडी जाती तिच्या मनानं."

मी घड्याळ दाखवलं. आवाज चढवला.
दुसऱ्या गिअरमध्ये उतरते, म्हटलं,
उद्या आल्या आल्या तुझ्याकडेच आणते.
तो काही बोलला नाही.
किल्ली खिशात घातली
आणि हाक मारली,
"मल्लेशी, मॅडमना स्टँडवर सोडून ये गा."

कदंबाच्या बसमध्ये, मांडीवर डबे,
जांबोटीपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.
कणकुंबीला त्या संपल्या.
घाट लागला तशी माझी नजर
ड्रायव्हरच्या पायावर जाऊन बसली.
एवढासा पाय.
झिजलेली चप्पल, अंगठ्याला चिंधी.
वळणावर तो खाली जायचा, हवा फुस्स करायची,
आणि चाळीस माणसं, एक कोंबडा, माझा कुंदा
दरीच्या अलीकडेच राहायचो.
असं किती वेळा झालं, मोजलं नाही.
आजवर कुणी मोजलं असेल का, तेही ठाऊक नाही.

पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं.
तरी बहीण म्हणाली, तू पण कर गं कुर्र.
मी वाकले, त्या इवल्या कानाशी
नाव सांगितलं.
बाळानं डोळे उघडले.
एकदाच सांगितलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी बिल दिलं, घासाघीस न करता.
डिस्क थोडक्यात वाचली, तो म्हणाला.
चाकाचे चार नट समोरासमोर आवळले,
एक इकडचा, एक तिकडचा,
खाट विणणाऱ्यासारखे.
दाराच्या आतल्या कडेला किलोमीटर लिहिलेला कागद डकवला,
खाली पुढचा आकडा, कन्नड अंकांत.
मी वाचू शकते. नाही कळलं असं
आता म्हणता येणार नाही.

जुनं पॅड मी मागून घेतलं.
बँकेत टेबलावर असतं, व्हाउचर उडू नयेत म्हणून.
जांबोटीच्या वाऱ्याला पुरेसं जड आहे.
शिपाई विचारतो, हे काय ठेवलंय?
मी सांगते, कान.
तो मान हलवतो आणि चहा आणायला जातो.

हल्ली पिरनवाडीपासून रेडिओ बंद ठेवते,
काच खाली.
चेन, पट्टा, टायरखालची खडी,
सगळ्यांचं काही ना काही चाललेलं असतं.

आणि हो, वायपरचं रबर.
ते आम्हा दोघांच्याही लक्षातून गेलं.
परवा किणयेजवळ सर आली,
काचेवर मातकट अर्धगोल उमटला
आणि समोरचा टेम्पो त्यात विरघळून गेला.
बँक उघडायला वीस मिनिटं होती.
कडेला घेतली, इंडिकेटर दिला,
आणि गाडी उद्यमबागेकडे वळवली.