तिसरा दिवा

भुवनेश वायर ओढत होता, मी स्टूल धरून उभा.
गच्चीवरच्या खोलीतला आमचा भाडेकरू, मूळचा अंबाहचा,
दातांनी प्लास्टिक सोलत पुटपुटत होता:
पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-कत्थई, कत्थई.
"अंकलजी, एक भी इधर-उधर हुआ, तो सब गया."
इतका चोख क्रम मी नोकरीतही क्वचितच पाहिला,
आणि ए.जी. ऑफिसात मी चौतीस वर्षं
लोकांच्या जमाखर्चावर लाल शाई ओढली आहे.

खासगी बाजारातलं आमचं घर
अठ्ठ्याण्णव साली मधोमध चिरलं.
एकेरी विटांची भिंत. मीटर दोन, नळ दोन.
टाकी एक राहिली होती, तिच्यावरून वाजलं,
मग टाक्याही दोन.
इंटरनेट मात्र फोनच्या तारेतून आलं
आणि फोन माझ्या नावावर.
दादाने शर्वाणीच्या हाती चिठ्ठी पाठवली:
"एक तृतीयांश भरीन. पावती लागेल."

भिंतीला भोक पाडलं, करंगळी जाईल एवढं.
निळी वायर पलीकडे गेली
आणि भोवतीची फट लगेच लिंपून घेतली,
दोन्ही बाजूंनी.

आता कपाटावर डबा आहे, त्याला चार दिवे.
चौथा भुवनेशचा. तो म्हणे परीक्षेचे फॉर्म भरतो.
त्याचा दिवा पेटला की इकडे
शर्वाणीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो
कपाळापर्यंत उतरतो आणि थांबतो.
तीन मुलांची कपाळं मी अशी नापसंत केली.

रात्री दोन ते सकाळी आठ फुकट.
मे महिना, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
मी तिसऱ्या दिव्याकडे बघत बसतो.
एक अठ्ठावन्नला तो लुकलुकू लागतो.
दोन मिनिटं आधी. पैशाच्या वेळात.
दादाला पहिल्यापासून दम नाही.
त्या दोन मिनिटांचा हिशेब मी वेगळा ठेवतो,
मागत नाही.

काय बघत असेल एवढं?
बिर्लानगरच्या मिलचा हिशेबनीस,
मिल मिटली तेव्हा टाइपरायटर घेऊन घरी आलेला.
वहिनी गेल्या तेव्हा मी पलीकडे होतो, तेरा दिवस.
चौदाव्या दिवशी भिंत पुन्हा भिंत.

जूनचं बिल मांडलं, तिघांत भागलं,
आणि सवयीच्या बोटाने छपाईचं बटण दाबलं.
माझ्याकडे प्रिंटर नाही.
क्षणभर काही नाही. मग विटांच्या पलीकडे
एक यंत्र खाकरलं,
आणि कागद ओढल्याचा लांब आवाज.
भुवनेशचाच उद्योग. डब्याला जोडलेलं सगळं
त्याने सगळ्यांना दिसेल असं करून ठेवलं होतं.

सकाळी दाराखाली तोच कागद, लाल शाईत:
"सर्व्हिस टॅक्स माझ्या वाट्याला धरलेला नाही.
तुझे अकरा रुपये माझ्याकडे निघतात."
खाली चिकटपट्टीने दहाची नोट, एक नाणं.
त्याखाली, तारखेसह: "तपासले."
'तुझे' लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

जुलैच्या बिलात मी एक भागाकार चुकवला.
चौतीस वर्षांत पहिली चूक, जाणूनबुजून केलेली.
दोनला चार कमी असताना बटण दाबलं.
भिंत गप्प. पडद्यावर चौकट आली:
प्रिंटरमध्ये कागद नाही.

बसून राहिलो. चौथा दिवा विझला, पहिला चालू,
तिसरा एकदा लुकलुकून थांबला.
मग पलीकडे लोखंडी कपाट करकरलं,
आणि कोणीतरी, घाई न करता,
नव्या रिमचं वेष्टन फाडू लागलं.