गुरुवारी, पावणेचार

डिचोलीत मेडिकलच्या वर ती खोली.
जिना इतका अरुंद
की एकामागून एकच चढावं लागतं.
पहिल्या गुरुवारी मी पुढे, हे मागे,
मध्ये दत्तेश.
घरात असतो तसाच.

लुर्दिनाबाईंनी पाणी दिलं.
मला वाटलं, आता दारूचं काढतील.
माझी यादी तयार होती:
कुठली रात्र, कुठली बांगडी,
कुठल्या दाराची कडी.
त्यांनी ह्यांना विचारलं,
"ट्रक कसा होता?"

ट्रक.
खाणी बंद पडल्या तेव्हापासून फणसाखाली उभा.
बोनेटवर कारांद्याचा वेल,
टायरांत पाणी, पाण्यात डास,
आणि दर जूनला पंचायतीची नोटीस.
हप्ते मी फेडले,
अंगणवाडीच्या पगारातून,
शेवटचे चार नणंदेकडून उसने घेऊन.

हे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "चढावर, दुसऱ्या गिअरात, गायचा."

चौदा वर्षं मी ह्या माणसाला चहा देतेय.
हे वाक्य कधी कानावर आलं नव्हतं.

मग तो सगळा रस्ताच निघाला,
पिसुर्ल्याच्या खाणीपासून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत.
किती फेऱ्या, चहा कुठे,
कुठल्या वळणावर समोरचा आपणहून थांबायचा.
आणि ती लाल धूळ,
जिला मी रोज शिव्या घालायचे
चादरी झटकताना, तुळस पुसताना.
"धूळ होती," हे म्हणाले, "तेव्हा मी कोणीतरी होतो."

लुर्दिनाबाईंनी मान हलवली नाही.
लिहूनही घेतलं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

त्याच दिवशी कळलं,
रात्री अंथरुणात नसतात तेव्हा
हे गुत्त्यावरच असतात असं नाही.
केबिनमध्ये बसलेले असतात,
स्टिअरिंग धरून, किल्लीशिवाय.

पण माझी यादी त्यांनी फाडली नाही.
"वाच," म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघून. एकेक."
सात गुरुवार लागले.
पाचव्याला हे उठून जिन्यापर्यंत गेले
आणि परत आले.
मी वाचत राहिले.

दत्तेशचं मी काही सांगितलंच नव्हतं.
त्यानेच सांगितलं, नखं कुरतडत:
"मी उभ्यानं जेवतो. मागच्या दाराशी.
ताट हातात असलं की
पटकन निघता येतं."
आम्ही दोघांनी खाली बघितलं,
एकाच फरशीकडे.

मग चवथ आली.
हे पिऊन आले, माटोळीखाली उभे राहून
सुपाऱ्यांचे घोस मोजत बसले,
चुकले की पहिल्यापासून.
आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही,
तरी माझ्या पोटात तीच जुनी गाठ.
मी फोन लावला. वाटलं म्हणतील,
संपलं बाई, आमच्याच्यानं होत नाही.
त्या म्हणाल्या, "गुरुवारी येताय न्हय?"

गेलो.
हे पुढे, मान खाली.

"बरं झालं" असं त्या कधी म्हणत नाहीत.
शेजारीण विचारते, बाई नुसतं बोलून काय होतं गो?
मला सांगता येत नाही.
एवढंच, की परवा भांडण झालं,
माशांच्या पैशांवरून, चांगलं खणखणीत,
आणि संपल्यावर
संपलं.

नोव्हेंबरात भंगारवाला ट्रक घेऊन गेला.
कारांदे आधीच खणून काढले होते,
अर्धे शेजारणीला दिले.
ह्यांनी फक्त ड्रायव्हरची सीट ठेवली,
स्पंज बाहेर आलेली,
कुठे ठेवायची सुचेना, म्हणून मागच्या दाराशी.

दत्तेश तिच्यावर बसून जेवतो.
दार उघडंच ठेवतो अजून.

ठेवू दे.