काडी

आंदावायलासच्या वर, जिथं कोंबी गाडी
शेवटचा धूर सोडून माघारी वळते,
तिथल्या दवाखान्यात मी सुईण.
पगारी, कोटातली, शिक्क्याची.

होनोराता, तुझ्या दंडात ती काडी मीच सरकवली.
आगपेटीतल्या काडीएवढी, लवचीक.
“तीन वर्षं बघायला नको,” मी म्हणाले,
आणि खरंच, बघितलं नाही.

चौदा महिन्यांनी तू दारात उभी.
टोपी हातात, बोटं टोपीच्या काठाशी.
पट्टीवर दोन रेघा.
मी तुझा दंड दाबून पाहिला :
काडी जागच्या जागी.
मग सरकलं काय?

तुझी सासू म्हणाली, काडी खोटी.
तिओफिलो काहीच म्हणाला नाही,
तो अंगणात जाऊन खेचराचं खोगीर आवळत बसला,
सैल नसलेलं.
रविवारच्या बाजारात हे चुन्योच्या पोत्यांवरून पसरलं,
सोमवारी तिघीजणी दंड पुढं करून आल्या :
काढ.
एकीची मी काढली. दोघींना चहा दिला.

तू पैसे शोधायला पदराची गाठ सोडलीस
तेव्हा मिठाच्या पुरचुंडीतून
एक पांढरी गोळी घरंगळत टेबलाखाली गेली.
मी वाकले. तू माझ्याआधी वाकलीस.
“हे काय?”
“वाऱ्याचं.”
“कसल्या वाऱ्याचं?”
“मेलेल्यांच्या. तो लागला की मी पडते.
लहानपणापासून. गोळी घेतली की लागत नाही.
घरी माहीत नाही.
माहीत झालं तर मला परत धाडतील.”

गोळी मी ओळखली.
फिटची. चांगली गोळी, गुणाची;
पण यकृताला कामाला जुंपते.
दंडातून थेंबथेंब उतरणारं औषध
ते रक्तात टिकूच देत नाही,
पाहुणा उंबऱ्यात यायच्या आत
सून अंगण झाडून मोकळी व्हावी तसं.
काडी आपलं काम करत होती. गोळीही करत होती.
दोघींची गाठ घालून दिली मी,
आणि ओळख करून दिली नाही.

कपाटातून तुझा कागद काढला.
‘काही आजार?’
‘नाही.’
अक्षर माझं. ठळक, घोटीव,
शाळेत बक्षीस मिळवलेलं.

तू खोटं बोलली नव्हतीस.
वारा हा काही आजार नव्हे.
आजार म्हणजे खोकला, ताप, पोटात मुरडा.
मी आजार विचारला, तू आजार सांगितलास : नाही.
आपण दोघी एकाच बाकावर बसून
दोन वेगवेगळ्या गावांत बोलत होतो.

त्या दिवशी तू विचारलंस, आता गोळी सोडू?
मी एवढ्या मोठ्यानं नको म्हणाले
की बाहेरची कोंबडी उडाली.
सोडायची नाही. एकदम तर नाहीच.
पोटातल्याला तुझं पडणं सोसायचं नाही.
फॉलिकची गोळी वाढवून दिली,
खाली शहरातल्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली,
काडी काढली. दोन मिनिटं लागली.
ती ट्रेमध्ये पडली होती,
बिचारी, निर्दोष, ओली.

मुलगी झाली. जावळ दाट, आवाज खणखणीत.
तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस
आणि मी तुझ्याकडं बघू शकले नाही,
म्हणून तिच्याकडं बघत राहिले.
“नकोशी नव्हती,” तू म्हणालीस,
“नंतर हवी होती.”

पुढं तांब्याची बसवली.
तांब्याचं त्या गोळीशी वाकडं नाही.
तिओफिलोला तू अजून सांगितलेलं नाहीस.
ते मी लिहिलेलंही नाही.

सरकारी कागद बदलायचा मला अधिकार नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवते, पुसता येईल असं :
कधी पडतेस का? कुणाचा वारा लागतो?
रात्री सगळे निजल्यावर काय गिळतेस?
मिठात काय ठेवतेस?

परवा एक पोर आली, एकोणीसची.
पहिल्या तीन प्रश्नांना तिनं मान हलवली.
चौथ्याला
ती दाराकडं बघू लागली.
मी उठून दार लावलं.