कपडे न धुण्याचा दिवस

आमच्या हल शहरात टेलिफोनचे डबे लाल नव्हते,
सायीच्या रंगाचे होते.
हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांचा विषय निघाला
की जो तो सगळंच लाल रंगवत सुटतो.

थंडी होती. पाचवीला पुजलेली.
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा,
रसेल त्यावर नखाने स्वतःचं नाव कोरायचा,
आणि खाली माझं, बारीक, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने.
विजेचा मीटर नाणी खायचा.
कार्यक्रम ऐन रंगात आला की टीव्ही मिटायचा,
मधोमध एक पांढरा ठिपका आकसत आकसत जायचा,
आणि अंधारातून आई: "कुणाकडे शिलिंग आहे का रे?"
नवी नाणी येऊन तीन वर्षं झाली होती.
शेजारच्या मिसेस थर्लो तर मरेपर्यंत दुकानदाराला विचारत राहिल्या,
"ते ठीक आहे, पण खऱ्या पैशांत किती?"

बाबा तीन आठवडे ट्रॉलरवर, तीन दिवस घरी.
त्या तीन दिवसांत आम्ही लखपती.
कोपऱ्यावरच्या दुकानात टॅक्सीने जायचो,
चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो.
बाबांच्या अंगाला साबणाचा वास,
साबणाच्या खाली कॉडचा.
मग एका पहाटे, भरती गाठून, ते निघायचे.

त्या दिवशी आमच्या गल्लीत कपडे धुवायचे नाहीत.
धुतले तर माणूस वाहून जातो.
हात हलवायचा नाही. लाट येऊन नेते.
दारातूनच आत वळायचं आणि चहाचं आधण ठेवायचं.
मागच्या बोळाला आम्ही टेनफूट म्हणायचो,
तिथल्या दोऱ्या त्या दिवशी अशा रिकाम्या
की वाऱ्यालाही धरायला काही नसे.

बर्निस टॅटरसॉलचे वडील फेब्रुवारीत गेले ते आले नाहीत.
सायीच्या रंगाच्या डब्याबाहेर बायकांची रांग,
ऑफिसात कुणी फोन उचलत नव्हतं.
आम्ही दोघी चिप्स खात होतो, कागद वर्तमानपत्राचा,
त्यावर बोटींच्या येण्याजाण्याचा तक्ता.
व्हिनेगर पसरत गेलं
आणि बर्निस बोट ठेवून वाचत राहिली,
शाई तिच्या बोटाला आली.

सोमवारी शाळेत सगळे विचारत होते, कसं झालं?
कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं.
मी म्हणाले, "त्यांच्या दोरीवर टॉवेल होता. मी पाहिला."
कसला टॉवेल?
"निळ्या पट्ट्यांचा."

एवढंच. दहा वर्षांची होते.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाक्य शाळेबाहेर गेलं,
संध्याकाळी हेसल रोडभर.
बर्निसची आई पावाच्या रांगेत उभी राहिली
की तिच्या पुढेमागे एक-एक माणसाची जागा मोकळी राहायची.
ईस्टरनंतर ते लोक मामाकडे राहायला गेले.

पुढे आइसलँडशी तह झाला, बोटी गोदीत गंजत उभ्या राहिल्या.
बाबा रोज घरी. कुणाला काही सुधरेना,
त्यांचं काय करायचं ते. ते खुर्चीत बसायचे
आणि आई त्यांच्याभोवतीने झाडायची.
आता कुठल्याही वारी कपडे धुवायला मोकळी होती ती.
तरी धुताना आधी खिडकीतून नदीकडे बघायची.

मागच्या वर्षी बर्निस भेटली, बेव्हर्लीच्या बाजारात,
हातात ट्यूलिपचे कंद. मला मिठीच मारली.
"काय दिवस होते गं ते!" म्हणाली. "चिप्स! आणि काचेवरचा तो बर्फ!"
मी म्हणाले, हो ना.
बर्फावरचं नाव, शिलिंग, टॅक्सी, सगळं काढलं आम्ही,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.
आई कशी होती शेवटी, हे मी विचारलं नाही.

बाकी पुसट होत चाललंय.
बाबांचा आवाज मला आता लावता येत नाही,
रसेल म्हणतो टॅक्सी एकदाच केली होती.
पण तो टॉवेल, जो नव्हताच,
त्याचा एक कोपरा उसवलेला,
दोन लाकडी चिमटे, एक वाकडा,
आणि वारा नदीकडून.